फाटकापर्यंत पोचवायला

बिबवेवाडी, पुणे
९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

चि. अस्मिता हिला आजीचे अनेक आशीर्वाद.

तर पहिली आली ती हिरव्या छत्रीवाली. मला तिथेच वाटलं होतं, की बाकीच्या नुसत्या लाजतायत, पण ही येणार! आणि आली की गं. परवा रात्री ग्रहण झालं, काल सकाळी मी सगळं घर पुसून काढलं, तुझे आई-बाबा कामावर गेले, आणि दुपारी बघते तर दारात ही उभी. बेल नाही, कडी नाही. नुसती हाक मारली, "मुक्ता." मला आधी कळेचना कोणाला हाक मारतायत. आई, काकू, आजी, सगळं म्हणतात मला, पण मुक्ता म्हणणारं कोणी उरलंय का आता? तुझे आजोबा गेले त्याच्यानंतर हे नावच कानावर पडलं नव्हतं. मी लगेच ओ दिली.

तुला आठवतंय ना ती? तुझ्या ताईनानहून मी निघायच्या आदल्या का त्याच्या आदल्या दिवशी गल्लीत टेबलं मांडली होती बघ. केवढं ते जेवण! फळं काय, भाताचे डोंगर काय, बिस्किटांचे पुडे, शीतपेयांचे डबे, आणि प्रत्येकात एकेक उदबत्ती खोचलेली. सुपारीसुद्धा होती, म्हणजे आपल्यासारखीच माणसं. आणि ते तांदळाच्या पिठाचं लाल कासव! अगदी आपल्या उकडीच्या मोदकाची उकड, आत गोड सारण, फक्त आकार कासवाचा. टेबलाखाली पाण्याचं घमेलं, टॉवेल, कंगवा. मी म्हटलं, बघा, जेवायच्या आधी पाहुण्यांना हातपाय धुवायला पाणी ठेवतात, इतकी रीत आता आपल्या पुण्यात तरी कोण पाळतं? मी पण हात धुतले, केस जरा विंचरले. तिथे स्टुलांवर त्या बायका बसल्या होत्या, पुढ्यात एवढं वाढलेलं आणि कोणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. मला कसंतरीच झालं. मग मी बटव्यातल्या अक्षता त्यांच्यापुढे ठेवल्या, कुंकू टेकवलं आणि म्हटलं, "या हं सगळ्याजणी पुण्याला, माझ्याकडे जेवायला." नाव सांगितलं, पत्ता सांगितला. तुझी घरमालकीण लिन मावशी तोंडावर हात धरून उभी राहिली. तिला वाटलं असेल, हिनं मला नाही बोलावलं. तिलाही म्हणावं ये.

बाई चांगली आहे, पण छत्री काही मिटेना. घरात बसली तीसुद्धा छत्री उघडी धरून. ओली चिंब, पाऊस तर दोन दिवस नाही. तिच्याखाली पाण्याचं थारोळं झालं, ते मी नंतर पुसलं. आता थांबते, याचा फोटो काढून तुला धाडते, तू शिकवलास तसा. तूही कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फोटो पाठव. फोनवर मला नुसती खरखर ऐकू येते आणि टायपाची अक्षरं म्हणजे मुंग्या.

तुझी आजी


ताईनान
१० सप्टेंबर

आजी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आधी मला सांग, ही बाई कोण? दिसायला कशी आहे? घरातून काही गेलंय का? हल्ली दुपारी एकट्या म्हाताऱ्या बायका बघून घरात शिरणारे असतात. नाव कुठूनही मिळतं, खाली पाटीवर आहेच.

दुसरं म्हणजे, त्या टेबलापाशी कोणीही बसलं नव्हतं. मी तुझ्या शेजारीच उभी होते. स्टुलं रिकामी होती. मला वाटलं तू लिन मावशीशी बोलतेयस. त्या दिवशीचा फोटो सोबत पाठवते, तूच बघ.

मी तेव्हाच तुला नीट सांगायला हवं होतं. ते जेवण माणसांसाठी नसतं, आजी. इथे मानतात की या महिन्यात खालच्या जगाचं दार उघडतं. जे बुडून गेले, परक्या गावात गेले, ज्यांच्यामागे कोणी उरलं नाही, ते सगळे उपाशी फिरतात. म्हणून गल्लीगल्लीत त्यांना वाढतात. पाणी, टॉवेल, कंगवा, सगळं त्यांचंच. त्यांना भूत कोणी म्हणत नाही, 'भले भाऊ' म्हणतात, वाईट वाटू नये म्हणून. पण रस्त्यावरच जेवू घालतात आणि तिथूनच वाटेला लावतात. घरी या असं कोणी म्हणत नाही. या महिन्यात बाहेर एकमेकांना नावानं हाकसुद्धा मारत नाहीत.

हे सगळं मी मानते असं नाही. पण दार उघडू नकोस. बाबांना आजच सांग.

अस्मिता


बिबवेवाडी
१२ सप्टेंबर, शुक्रवार

अस्मे,

फोटो बघितला. तुझा मोबाईल पुसून घे एकदा. माझ्या डाव्या हाताला ती छत्रीवाली आहे की बसलेली! तिच्या मागे ती उंच बाई, आणि शेवटी ती लहानखुरी पोरगेलीशी, हनुवटीवर तीळ असलेली. आता त्या पण येतात. काल सगळ्या मिळून आल्या, घर कसं भरून गेलं.

दत्ताला सांगितलं. तो जेवता जेवता मोबाईलमध्ये बघत होता, म्हणाला, "बरं झालं आई, तुला कंपनी मिळाली." तो खराडीहून दमून येतो बिचारा, त्याला काय सांगत बसायचं. आणि रुपालीचं ऐक. शेजारीण असावी तर अशी नसावी. काल जिन्यात मला म्हणते, "काकू, एकपात्री प्रयोग बसवताय का? तिकीट लावा, आम्ही येऊ." म्हटलं, तुला फुकट ऐकू येतंय तेवढं पुरे आहे.

बोलणं होतं म्हणजे काय, भरपूर होतं! त्यांना मराठी येतं की मला त्यांचं येतं ते मला काही उमजत नाही. पण तुम्हा सगळ्यांचं मला अर्धं ऐकू येत नाही, आणि यांचं मात्र अगदी स्वच्छ. कानाजवळ बोलल्यासारखं. मी त्यांना सगळं सांगितलं, तुझ्याकडे काय काय खाल्लं ते. चहात साबुदाण्याचे काळे टपोरे गोळे घालून जाड नळीनं ओढायचे, आणि पहिला गोळा घशात जाऊन मी कशी ठसकले. ते कुजक्या वासाचं पनीर, ज्याच्या वासानं मी पदर नाकाला लावला आणि मग तूच बघितलंस, दोन प्लेटी खाल्ल्या. आणि शेंगदाण्याची चिक्की रंध्यानं किसून, आइस्क्रीमचा गोळा ठेवून, वर चक्क कोथिंबीर! कोथिंबीर आइस्क्रीमवर! मी इथे दत्ताला करून घातलं तर म्हणाला, आई, उद्या आमटीवर पिस्ते घाल. त्या सगळ्या हसल्या. हसताना त्यांच्या तोंडातून आवाज येत नाही, पण मला कळतं.

मी त्यांना काल साबुदाण्याची खिचडी आणि शिरा केला. नुसत्या ताटावर वाकून बसतात, उचलत काही नाहीत. म्हटलं, संकोच करू नका. मग त्या गेल्यावर बघितलं तर ताटं जशीच्या तशी. टाकवेना, म्हणून रुपालीला दिला शिरा. ती म्हणाली, "काकू, साखर विसरलात." मी स्वतः घातली होती! मी चाखला, तर कशालाच काही चव नाही, ओला कागद चघळल्यासारखं. आता मला इतर जेवणही तसंच लागतं. वयच झालं.

थारोळं अजून होतं. पुसताना पाणी ओठाला लागलं, खारट. मी म्हटलं समुद्राकाठच्या आहेत, खारटच असणार.

आजी


ताईनान
१३ सप्टेंबर

आजी,

बाबांशी बोलले. दारावर कॅमेरा बसवलाय ना मागच्या महिन्यात, त्यात त्यांना बघायला लावलं. दुपारी तू दार उघडतेस. हसतेस. बाजूला होऊन वाट देतेस. मग दार लावतेस. जिन्यात कोणी नाही. बाबा म्हणतात, आईला करमत नाही, मनातल्या मनात बोलते, डॉक्टरांकडे नेऊ. मला तसं वाटत नाही. मला वाटलं असतं तर बरं झालं असतं.

लिन मावशीला तुझी पत्रं वाचून सांगितली. ती मला आपल्या देवळात घेऊन गेली. तू आली होतीस त्याच देवळात, जिथे चंद्रकोरीसारखे दोन लाकडाचे तुकडे जमिनीवर टाकून देवाला विचारतात आणि तू म्हणालीस, "हा तर कौल!" तिनं विचारलं, त्यांना इथेच परत बोलावून जेवू घातलं तर चालेल का? दोन्ही तुकडे सपाट बाजू वर करून पडले. तसं पडलं की म्हणतात, देव हसतोय, होकार देत नाही. पुन्हा टाकले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं टाकलेच नाहीत.

ती सांगते ते मी तसंच लिहिते. हाक आली तर ओ देऊ नकोस. त्यांनी दिलेलं काही घेऊ नकोस. त्या निघाल्या की पोचवायला बाहेर जाऊ नकोस, उंबऱ्याच्या आतच थांब. तुझी सवय मला माहीत आहे, पाहुण्यांना सोसायटीच्या फाटकापर्यंत पोचवायचं आणि तिथे अर्धा तास बोलायचं. या वेळी नाही. एवढं माझं ऐक.

अस्मिता


बिबवेवाडी
१५ सप्टेंबर, सोमवार

चि. अस्मिता,

तुझं पत्र मिळालं, वाचलं. तू एवढी घाबरतेस कशाला गं? लहानपणीपण झुरळाला घाबरायचीस.

काल अष्टमी, तुझ्या आजोबांची तिथी. सगळा स्वयंपाक मी केला, तुझ्या आईनं फक्त वडे तळले. आमसुलाची चटणी, भोपळ्याची भाजी, खीर. गच्चीवर पान ठेवलं. एकही कावळा नाही! समोरच्या गुलमोहरावर ओळीनं बसले होते, पण पानाजवळ येईनात. दत्ता म्हणाला, आई, प्रदूषण. मी म्हटलं, एवढ्या प्रदूषणात झाडावर बसतात आणि पानावरच येत नाहीत? हात जोडले, तुमच्या नातीचं सगळं नीट करीन म्हटलं, तुझ्या लग्नाचं बोलले. तरी नाही. शेवटी एक उडाला, गच्चीच्या कठड्यापर्यंत आला, माझ्या मागे बघितलं आणि ओरडत परत गेला. मागे वळले तर छत्रीवाली उभी. मी म्हटलं, अगं, आज घरची माणसं आहेत, उद्या ये. दत्ता म्हणाला, कोणाला?

खाली आलो तर आजोबांसाठी मांडलेल्या पाटावर ती बसलेली. रांगोळी ओली होऊन पसरली होती. मला पहिल्यांदाच थोडं वाईट वाटलं. म्हटलं, बाई, हा पाट त्यांचा आहे. तर म्हणाली, त्यांनीच बसायला सांगितलं.

आज दुपारी माझ्यासाठी भेट घेऊन आल्या. तू नको म्हणालीस, पण कोणी प्रेमानं आणलेली वस्तू परत करायची म्हणजे तोंडावर मारल्यासारखं. कापडी बूट आहेत, निळे. असे मऊ! माप न घेता बरोबर बसले, माझ्या वाकड्या अंगठ्यासकट. वर कमळ भरलंय, आणि गंमत म्हणजे तळव्यालाही कमळ. मी म्हटलं, खालचं कमळ चालताना झिजेल की. ती लहानखुरी म्हणाली, यांत फार चालायचं नसतं.

फोटो पाठवते. जरा हललाय, बोटं सारखी गार असतात हल्ली. तुझ्या आईनं गरम पाण्याची पिशवी दिलीये.

आजी


ताईनान
१७ सप्टेंबर

आजी,

बूट काढून टाक. घातले असशील तर आत्ता काढ.

फोटो बघून लिन मावशी खुर्चीत बसली. तिची आई गेली तेव्हा तिला तसेच घातले होते. इथे म्हाताऱ्या माणसांना शेवटी घालतात ते, आजी. कमळावर पाय ठेवून जावं म्हणून तळव्यालाही कमळ. यापेक्षा स्पष्ट मी लिहू शकत नाही.

आता नीट वाच. त्यांचा महिना या अमावास्येला संपतो. यंदा ती आपली सर्वपित्री आहे, रविवारी. त्या दिवशी दार बंद होतं आणि सगळ्यांना परत जावंच लागतं. लिन मावशी म्हणते, ज्यांना घरी बोलावलं त्या परत जाताना यजमानाला घेऊन जातात, पण यजमान आपल्या पायांनी निघाला तरच. ओढून नेता येत नाही. म्हणून एकच करायचं. त्या आल्या की उंबऱ्याच्या आत उभी राहून तोंडानं म्हणायचं, "जा." या नाही, येत जा नाही, पुन्हा या नाही. "जा." दार लावायचं, बस.

मला माहीत आहे तू आयुष्यात कोणाला जा म्हणाली नाहीस. मीटर बघायला येणाऱ्या माणसालाही तू "या हं" म्हणतेस. पण एकदा, माझ्यासाठी.

मी निघतेय. रविवारच्या आत पोचवणारं विमान मिळत नाही, सोमवारी सकाळी घरी पोचते. रविवारी बाबा दिवसभर घरी थांबतील, मी त्यांना शपथ घातलीये. मला पत्र नको, फक्त "म्हणाले" एवढं लिहून पाठव.

अस्मिता


बिबवेवाडी
१९ सप्टेंबर, शुक्रवार

माझी अस्मे,

तू येतेस म्हणून किती आनंद झाला म्हणून सांगू! येताना अननसाच्या वड्या आण, तुझ्या आईला आवडतात. मला काय, चव लागत नाही, पण वास घेईन.

तू मला वेडी समजू नकोस. त्या कोण ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. घरभर ओली पावलं आणि जिन्यावर एक नाही, हे कळायला चौथीच्या पुढे शिकावं लागत नाही. पण मी विचार केला, आपण पितरांना पानं वाढतो, ज्यांची तिथी माहीत नाही त्यांना सर्वपित्रीला वाढतो. यांना वाढणारं कोण? ती छत्रीवाली होडीतून पडली, तिच्या माणसांनी दुसऱ्या गावी घर केलं. ती लहानखुरी गिरणीत कामाला होती, तिचं नाव तिलाच आठवत नाही. उपाशी माणूस दारात आलं तर आधी वाढायचं, मग विचारायचं. माझ्या आईनं मला तेवढंच शिकवलं.

तरी तुझ्यासाठी मी प्रयत्न केला. काल सकाळी आरशापुढे उभी राहिले आणि "जा" म्हणून बघितलं. दोनदा म्हटलं. आरशातल्या बाईला म्हणताना काही वाटलं नाही. मग दुपारी त्या आल्या. मी तू सांगितलंस तशी उंबऱ्याच्या आत उभी राहिले, पदर खोचला, तोंड उघडलं. छत्रीवालीनं छत्री मिटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. केसांतून पाणी गळतंय, ओठ निळे, आणि इतकी दमलेली गं, आपली रुपाली पहिल्या बाळंतपणानंतर दिसायची तशी. म्हणाली, "मुक्ता, आम्ही आता निघणार, तुझे फार उपकार." आता मला सांग, असं म्हणणाऱ्या बाईला मी जा म्हणू? जीभ उचललीच नाही. तोंडातून गेलं, "अशा कशा निघता? सर्वपित्रीचं जेवून जा. या."

जीभ चावली लगेच, पण गेलं ते गेलं.

छान वाटलं त्यांना. म्हणाल्या, शेवटच्या दिवशी येतो, मग तिथूनच पुढे. मी म्हटलं, बरोबर येणार नाही हो मी, माझी नात येतेय सोमवारी. तर ती उंच म्हणाली, नको येऊस, तुझी मर्जी. फक्त फाटकापर्यंत चल. तेवढं कोणी नाही म्हणेल का? तू म्हणालीस उंबऱ्याच्या आत, पण घरी जेवलेल्या माणसाला दारातूनच कटवायचं, असं मी तुझ्या आजोबांच्या भांडकुदळ मामेभावालाही केलं नाही. फाटकापर्यंत जाईन, दोन शब्द बोलेन आणि परत येईन. आपलंच फाटक आहे, वॉचमन बसलेला असतो, बाहेर वडापावची गाडी असते. त्यात काय व्हायचंय?

आणि एक. मी विचारलं, फाटकाशी काय एवढं? ती लहानखुरी हसली. म्हणाली, तिथे तुझ्यासाठी कोणीतरी थांबलंय, आत यायला संकोचतंय, कावळा पानाला शिवला नाही त्या दिवसापासून. कोण ते सांगेना.

दत्ता घरी आहे रविवारी, तू शपथ घातलीस तसा. पण तुला तुझे बाबा माहीत आहेत. श्राद्धाचं जेवून एक ते चार पुण्यात कोण जागं असतं? झोपू दे त्याला, दमतो. घराची जादा किल्ली रुपालीकडे ठेवलीये, सोमवारी तू आलीस आणि कोणी दार उघडलं नाही तर तिच्याकडून घे. खीर फ्रिजमध्ये ठेवीन, साखर घातलेली असेल, बघ तुला लागते का.

ते बूट काढायचा प्रयत्न केला, हात गार पडलेत म्हणून नाडीची गाठ सुटत नाही. राहू दे. फाटकापर्यंतच तर जायचंय.

तुझी आणि त्यांची मात्र चुकामूक होणार, एका दिवसानं. भेटल्या असत्या तर तुला आवडल्या असत्या. सर्वपित्रीला, रविवारी, दुपारच्या जेवणाला येतो म्हणाल्यात.

तुझी
मुक्ता आजी